सर्व्हिस सगळ्यांची



आपल्या खरगपूरच्या रेल्वे वसाहतीत आमचा हौशी व्हॉलीबॉल संघ १५ वर्षे खेळतो आहे. सहाजणांत मराठी मी एकटाच. बाकी बंगाली, तेलुगू, ओडिया. ‘माझा!’ असं ओरडायला मी चार भाषांत शिकलो.

या खेळात समोरच्यांकडून सर्व्हिस आपल्याकडे आली, की सगळे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा सरकतात. त्यामुळे साहेब मागे जातो, खलाशी नेटपाशी येतो; सर्व्हिस मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते.

माझे वडील इथेच गेले. तेव्हा खांदा द्यायला आधी धावले ते हेच पाचजण.

बदल्या आणि निवृत्तीमुळे आता तिघेच उरलो आहोत. तरुण मित्रांनो, नेट बांधलेलं आहे. उद्या संध्याकाळी सहाला मैदानावर या.