गाणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत

(सांगली जिल्ह्यातील एका वस्तीत स्थानिक कलावंतांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण.)





मला दहा मिनिटं दिली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे घंटा झाली की थांबायची सवय आहे. आज तुम्ही ज्यांना ऐकायला आलात, ते बाजूच्या खोलीत तयार होऊन बसलेत. त्यात एक रिक्षावाले भाई आहेत, ते स्वतःच्या गझला म्हणणार आहेत. बारावीतला एक मुलगा आपल्या दखनी बोलीत रॅप करणार आहे. लग्नात ढोलकवर गाणाऱ्या चार बायका आहेत. भिंतीवर जी चित्रं लावलीत, ती काढणारी मुलगी शिलाईचं काम करते. हे सगळे तुमच्या ओळखीचे आहेत. रोज दुकानात, नळावर, मशिदीबाहेर भेटतात. पण कलावंत म्हणून आपण त्यांना आज पहिल्यांदा भेटतोय.

माझ्या खालाची गोष्ट सांगते. खाला शाळेत चौथीपर्यंत शिकली. पण हळदीची रात्र असली की मोहल्ल्यातून पहिला निरोप तिला यायचा. ती ढोलक मांडीखाली घ्यायची, दुसरी कुणीतरी ढोलकच्या लाकडावर चमच्याने ठेका धरायची आणि रात्र सरायची. गाण्यांत सगळं असायचं. सासूची थट्टा, समधनीला टोमणे, माहेर सुटण्याचं रडू आणि मध्येच एखादी नवी ओळ, त्याच आठवड्यात गल्लीत घडलेल्या भानगडीवर. अर्धी दखनी, अर्धी मराठी. ती ओळ तिची स्वतःची असायची. पण आपण कवयित्री आहोत असं तिला कधी वाटलं नाही, कारण तसं तिला कुणी म्हटलंच नाही.

पुढे लग्नात डीजे आला. घरातल्या कुणीतरी सांगितलं की बायकांनी असं मोठ्यानं गाणं बरं दिसत नाही. भांडण झालं नाही. खालाने ढोलक कपाटावर ठेवला, एवढंच. गाण्यांची एक वही होती. ती गेल्यावर घराची डागडुजी झाली, तेव्हा वही रद्दीत गेली. मी तेव्हा शिक्षिका होते. दुसऱ्यांच्या मुलांकडून कविता पाठ करून घेत होते. पण शेजारच्या घरात जाऊन ती वही उतरवून घ्यायला मला वेळ झाला नाही. यात दोष कुणाचा म्हणाल, तर आधी माझा.

आजच्या कार्यक्रमाची तयारी चालू असताना दोन प्रश्न आले. ते टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

पहिला प्रश्न असा की, पोरांना नोकऱ्या नाहीत, मुलींची शाळा सुटतेय, अशा वेळी गाणंबजावणं कशाला? स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन ठेवा. प्रश्न चुकीचा नाही. मार्गदर्शन ठेवाच, मी स्वतः शिकवायला येईन. पण इथून जवळ मिरज आहे, तिथे बघा. मिरजेतले शिकलगार हत्यारं करायचे, त्यांना धार लावायचे. एकोणिसाव्या शतकात राज्यं गेली, हत्यारांची मागणी आटली. तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग नवी घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणून त्यांचे तानपुरे आणि सतारी केल्या. पात्याला धार लावणारा हात तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढायला लागला. आज त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर आहे आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कलेने पोट भरलं, नाव दिलं आणि बुडणाऱ्या धंद्यातून एका बिरादरीला बाहेर काढलं. पेशवाईतले शाहीर सगनभाऊही मुसलमान शिकलगारच होते, हेही मुलांनी लक्षात ठेवावं.

दुसरा प्रश्न धर्माचा. संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. काही आलिम मनाई सांगतात, तर चिश्ती परंपरेत समा शतकानुशतकं चालत आला आहे. मी आलिम नाही, फतवा द्यायला उभी नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये, तो त्याचा हक्क आहे आणि त्याच्यावर हसण्याचा हक्क आपल्याला नाही. पण ज्याला ऐकायचं आहे, गायचं आहे, त्याचा माइक काढून घ्यायचा हक्कही कुणाला नाही. इतकं जरी दोन्ही बाजूंनी पाळलं तरी पुष्कळ झालं.

पुन्हा मिरजेकडेच येते. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराना घराण्याचे खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेचे झाले. १९३७ मध्ये ते गेले. त्यांच्या आठवणीत उरुसाच्या वेळी दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा होते. मोठमोठे कलाकार तिथे हजेरी म्हणून गातात आणि समोर गावातला कुणीही येऊन बसतो. त्याच उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. तिथे गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही लागतो. मिरजेने वर्षानुवर्षं येऊन बसायची सवय ठेवली, म्हणून ती सभा टिकली.

आता एकच नाव घेते. बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. घरची गरिबी. त्याने गाडीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. आईच्या, मुनेरबींच्या तोंडची लोकगीतं ऐकत तो वाढला. पुढे तोच शाहीर अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा डफ आणि आवाज गावोगाव पोचला. मराठी राज्यासाठी गाणारा हा मुसलमान पोरगा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण मला त्याच्या आईचं कौतुक जास्त वाटतं. मुनेरबींनी गाणं थांबवलं असतं, ढोलक कपाटावर ठेवला असता, तर त्या मुलाच्या कानावर काय पडलं असतं?

म्हणून आज जाताना तुमच्याकडून तीन गोष्टींचा शब्द हवा आहे.

एक, कलावंताला पैसे द्या. मंडपवाल्याशी, जेवणवाल्याशी आपण हिशोब करतो आणि गाणाऱ्याला "आपलाच आहेस" म्हणून शाल-नारळावर घरी पाठवतो. तो आपला आहे, म्हणूनच त्याचं पोट आपल्याला दिसायला पाहिजे.

दोन, घरातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यावर त्यांचं नाव लिहा. "पारंपरिक" एवढंच लिहून त्यांना पुसू नका. हे काम आमच्या शाळेतल्या मुलांनी करावं, मी त्यांना वही कशी लिहायची ते शिकवीन.

तीन, मुलींना थांबवू नका. आज भिंतीवर चित्रं लावणाऱ्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, खाली नाव लिहू का? घरी चालेल का?" तिने नाव लिहिलंय. तिचे अब्बा इथे तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनी स्वतः चौकटी ठोकायला मदत केली, म्हणून मी त्यांचे सगळ्यांसमोर आभार मानते.

आणि कलावंतांनाही एक सांगते. सिनेमातलं गाणं आम्हाला मोबाइलवर मिळतं. तुम्ही तुमचं आणा, तुमच्या बोलीत आणा. चुकलात तरी आम्ही उठून जाणार नाही.

खालाची वही गेली. पण तिच्या शेजारी बसून चमच्याने ठेका धरणारी आपा आज इथे आली आहे. वय ऐंशीच्या घरात आहे. तिला चारच गाणी पूर्ण आठवतात, पाचव्याचं फक्त धृपद. कार्यक्रमाची सुरुवात तिच्यापासून होणार आहे. ज्यांच्या खिशात मोबाइल आहे, त्यांनी तो आता काढावा आणि रेकॉर्डिंग सुरू करावं.

माझी दहा मिनिटं संपली.