अजून उतरलो नाही

आमचे घर रायपूरचे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून परतत. कलकत्त्याच्या विमानाची वाट आमच्या बाजूची. त्याची घरघर ऐकल्यावाचून तरुणपणी झोप येत नसे, असे आजोबा सांगत.

मी वैमानिक झालो तो संगणकाच्या युगात. पुढे परदेशी एका जुन्या, जतन केलेल्या डाकोटाचे सुकाणू हाती आले. १९३५ साली प्रथम उडालेला हा नमुना. शेपटीखाली चाक असल्याने जमिनीवर त्याचे नाक आभाळाकडे असते. समोरची वाट दिसत नाही. नागमोडी चालत, बाजूच्या खिडकीतून ती शोधावी लागते.

उतरताना चाके अलगद टेकली. मी मनोमन सुखावलो, पाय किंचित सैलावले आणि विमान डावीकडे वळू लागले. त्याचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. वळण एकदा सुरू झाले की वाढतच जाते. शेजारच्या वृद्ध वैमानिकाने पायांनी ते सावरले आणि तो शांतपणे म्हणाला, “अजून आपण उतरलेलो नाही.”

मान खाली घालून मी विमान उभे केले. आजोबा ज्या घरघरीच्या भरवशावर निजत, तिच्यामागे कोणाचे तरी जागे पाय होते, हे मला त्या दिवशी कळले.