घशातले मांजर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



फ्रेंच माणसाचा घसा धरला की तो म्हणतो, माझ्या घशात मांजर आहे. इंग्रजाचा धरला की तो म्हणतो, बेडूक आहे. दुखणे एकच, काढाही एकच चालेल. पण फ्रेंचमधले मांजर उचलून तसेच इंग्रजीत सोडले तर वाचणारा दचकेल.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फ्रेंच मला येत नाही, आणि इंग्रजी म्हणाल तर मथळे लागतात इतपत. पण आमची धाकटी मुलगी फ्रेंच शिकली आणि गेली काही वर्षे घरी बसून फ्रेंचचे इंग्रजी करून देण्याचे काम करते. मी शेजारी भाजी निवडत असते. ती अडली की विचारते, "आई, अशा वेळी आपण काय म्हणू?" त्यातून जे कानावर पडले तेच आज सांगणार आहे.

जोराचा पाऊस आला की फ्रेंच लोक म्हणतात, दोर पडताहेत. इंग्रजांची कुत्री-मांजरे तर आपण शाळेतच पाठ केली आहेत. पण मुलगी दोरांच्या जागी ती घालत नाही. ती म्हणते, आजकाल इंग्रज माणूस बोलताना असे सहसा म्हणत नाही, पाऊस ओततो आहे एवढेच म्हणतो. मला ते पटले. आपण मुसळधार म्हणतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे मुसळ येते? बोलणाऱ्याला जे दिसत नाही ते वाचणाऱ्यापुढे कशाला मांडायचे?

मुद्दाम गंमत केलेली असेल तर गोष्ट वेगळी. ॲस्टेरिक्सच्या चित्रकथांत एक छोटा कुत्रा आहे. फ्रेंचमध्ये त्याचे नाव इदेफिक्स. डोक्यात घट्ट बसलेल्या कल्पनेला तिकडे जे म्हणतात त्यावरून ठेवलेले. अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज या जोडीने इंग्रजी करताना त्याला डॉगमॅटिक्स केले. त्यात हट्टही आला आणि कुत्राही आला. मूळ नावात कुत्रा नव्हताच! याला भाषांतर म्हणावे की बारसे, ते तुम्हीच ठरवा.

नुसता शब्दाला शब्द लावला की काय होते याचा मासला १८५५ साली पॅरिसला छापलेल्या एका पुस्तकात आहे. पेद्रू कारोलिनू नावाच्या गृहस्थाने पोर्तुगीज लोकांना इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी ते केले. त्याला स्वतःला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाचे पुस्तक पुढ्यात आणि फ्रेंच-इंग्रजी कोश शेजारी, असे त्याने काम केले असे जाणकार मानतात. दारात ताटकळत उभे राहणे, याला फ्रेंचमध्ये एक जुना वाक्प्रचार होता. कोशातून फिरून तो बाहेर पडला तेव्हा त्याचे 'माकडाला कराकरा चावणे' झाले होते. १८८३ साली या पुस्तकाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीला मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली, आणि लोक पोट धरून हसले.

पण चुकल्यावर नेहमी हसूच येते असे नाही. गेल्या वर्षी मुलीकडे जुन्या पत्रांचा एक गठ्ठा आला. एका फ्रेंच आईने इंग्लंडात राहिलेल्या मुलाला आणि इंग्रज सुनेला लिहिलेली ती पत्रे. सुनेने लग्नानंतर फ्रेंच शिकून घेतले होते. नातीला मात्र ते येत नाही, आणि तिला आजीची पत्रे वाचायची होती.

मुलाच्या पत्रात शेवटी 'तु म मांक' असे असायचे. त्यात तू आधी आणि मी नंतर. तोच क्रम ठेवून इंग्रजी करणारा 'तुला माझी आठवण येते' असे लिहून बसेल; म्हणजे आईची तगमग मुलाच्या नावावर! इंग्रजीत तिथे मी पुढे यावा लागतो. आपल्याला मात्र फ्रेंचची चाल ओळखीची वाटते. आपल्याकडेही आठवण येते, आपण ती करायला जात नाही.

दुसऱ्या एका पत्रात 'कफार' हा शब्द होता. अर्थ झुरळ. फ्रेंच माणसाला झुरळ झाले म्हणजे त्याचे मन उदास आहे. ते तसेच ठेवले असते तर आजीच्या स्वयंपाकघरात झुरळे झाली होती असे नातीने वाचले असते. मी म्हटले, हे आपले 'करमत नाही' असणार. मग करमत नाही इंग्रजीत कसे न्यायचे यावर आमचा कुकर तासभर लांबला. शेवटी तिने साध्या शब्दांत, हल्ली मन उदास असते, असे केले.

खरी अडचण पुढेच होती. फ्रेंचमध्ये तू म्हणजे 'तु' आणि तुम्ही म्हणजे 'वू'. अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे यांना आपल्यासारखेच वेगळे शब्द आहेत, तुत्वाये आणि वूव्वाये. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. या सासूबाई सुनेला कितीतरी वर्षे 'वू' म्हणत होत्या, जणू ती सून नव्हे, विहीणच. आणि मग नात झाल्यानंतरच्या एका पत्रात, काही न बोलता, 'वू' गेले आणि 'तु' आले. इंग्रजीत दोन्ही पत्रे सारखीच दिसणार! आजीने आपल्या आईला जवळ केव्हा घेतले हे त्या मुलीला कधीच कळणार नाही.

मुलीने आधीच्या पत्रांतली वाक्ये ताठ ठेवली, पाहुण्याशी बोलावे तशी. त्या पत्रापासून ती आखूड आणि घरगुती केली. मायना मुळात बदलला नव्हता म्हणून तिने तो तसाच ठेवला. मी म्हटले, एवढ्याने भागणार नाही, समासात सरळ लिही. भाषांतर करणाऱ्याने मध्ये बोलू नये असे तिला शिकवलेले आहे, त्यामुळे दोन दिवस आमचा वाद चालला. अखेर तिने दोन ओळींची टीप घातली.

कुणी म्हणेल, हल्ली मोबाईल हे क्षणात करतो. करतो खरा. घशातले मांजर आणि दोरांचा पाऊस तो बहुधा बरोबर ओळखतो. पण एक वाक्य 'वू' चे आणि तेच 'तु' चे त्याला दिले, तर दोन्हींचे इंग्रजी त्याने एकच दिले. त्याचा तरी काय दोष?

आता एकच सांगते. जेवायला बसलेल्यांना फ्रेंच लोक 'बोन आपेती' म्हणतात. इंग्रजीत याला मनासारखा घरचा शब्द नाही, म्हणून इंग्रज बरेचदा तोच उसना घेतात. आपल्याला मात्र उसनवारीची गरज नाही. आतून उपम्याचा वास येऊ लागला आहे, तेव्हा मी थांबते. भगिनींनो, सावकाश होऊ द्या.