जुनी यंत्रे, नवा संगणक आणि मधली वायर
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण शिक्षणाचे महत्त्व, काळाची गरज, मुलांचे भवितव्य अशा विषयांवर पुष्कळ ऐकले आहे. आज मी एका वायरीविषयी बोलणार आहे. मागच्या रांगेत काही जण हसले ते मला दिसले, हरकत नाही. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, इंजिनियर नव्हे. परंतु मी भाषा शिकवतो, आणि हा प्रश्न अखेर भाषेचाच आहे. दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत, दोन्ही चांगली आहेत, पण एकीचे बोलणे दुसरीला कळत नाही.

आपल्या उधव्याच्या शेजारी दादरा-नगर हवेली, थोडे पुढे गुजरात. आपली मुले बारावी किंवा आयटीआय करून सिल्वासा, वापी, उंबरगाव, नाही तर इकडे तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत कामाला जातात. तेथे गेल्यावर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते. त्याच्याजवळचा संगणक मात्र पाच-सात वर्षांत बदलावा लागतो. म्हणजे एका यंत्राच्या आयुष्यात तीन-चार संगणक येऊन जातात. नवा आला की जुनी वायर त्याला बसत नाही. मग कोणी तरी म्हणतो, यंत्रच बदला.

यंत्रे कोणती? ट्रक तोलण्याचा मोठा वजनकाटा घ्या. लोखंडाला आकार देणारी सीएनसी लेथ घ्या. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतील यंत्र, दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजण्याचे यंत्र, दुकानातील पावतीचा प्रिंटर घ्या. यांतील पुष्कळांच्या पाठीमागे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा, नऊ किंवा पंचवीस पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला सीरियल पोर्ट म्हणतात. सीरियल म्हणजे एकामागून एक. पावसाळ्यात साकवावरून आपण जसे एकेक करून जातो, तसे संदेशाचे तुकडे एकाच तारेवरून ओळीने जातात.

ही रीत फार जुनी आहे. फ्रान्समधील तारखात्याचे एमील बोदो यांनी १८७४ साली पाच खुणांच्या संकेताने तार पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज यंत्राचा वेग ज्या शब्दाने सांगतात तो ‘बॉड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. पुढे टेलिप्रिंटर आला, आणि १९६० साली अमेरिकेत टेलिप्रिंटरसारखी यंत्रे मोडेमला जोडण्यासाठी आरएस-२३२ नावाचे मानक ठरले. आपल्याकडे तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तरी वजनकाट्याच्या मागच्या वायरीतून तारेचीच ती जुनी रीत चालू आहे.

तिची युक्ती शाळकरी मुलाला समजेल अशी आहे. दोन यंत्रांची घड्याळे वेगळी असतात. तेव्हा ऐकणाऱ्याला कळावे कसे, की अक्षर सुरू झाले? यासाठी प्रत्येक अक्षराच्या आधी एक खूण येते, आपल्या कवायतीतील ‘सावधान’सारखी. तिला स्टार्ट बिट म्हणतात. त्यामागून अक्षराचे सात किंवा आठ बिट येतात, आणि शेवटी ‘विश्राम’, म्हणजे स्टॉप बिट. वेग ९६०० असेल आणि एका अक्षराला एकूण दहा खुणा लागत असतील, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ट्रकचे १२४५० किलो वजन पाठवण्यास एवढा वेग पुरून उरतो. काटा ते एकेक अंक करून साध्या लिखित अक्षरांतच पाठवतो. त्यात गुप्त असे काही नसते.

असे असताना अडचण कोठे आली? यूएसबी १९९६ साली आली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक लॅपटॉपवरून तो नऊ पिनांचा सॉकेट नाहीसा झाला. यूएसबीची रीत निराळी. तेथे संगणक यजमान असतो. तो विचारील तेव्हाच उपकरणाने बोलायचे, आणि त्याआधी आपली ओळख द्यायची. जुना काटा कोणाची वाट पाहत नाही, तो आपला बोलत सुटतो. म्हणून केवळ टोक बदललेली वायर चालत नाही, मध्ये दुभाषी लागतो. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी-सीरियल केबलच्या जाड टोकात एक लहान चिप असते, तीच हा दुभाषी.

या चिपांचीही एक कथा आहे. स्कॉटलंडची एफटीडीआय ही कंपनी अशा चिपा करते आणि तिच्या नकला फार निघाल्या. २०१४ साली कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून लोकांकडे पोचला आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. त्या केबली जागच्या जागी निकामी झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नक्कल करणारा चूक होता यात वाद नाही. पण शिक्षा झाली ती अजाणतेपणी केबल विकत घेणाऱ्याला, आणि हे मला बरे वाटत नाही. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीने पीएल-२३०३ या आपल्या चिपेच्या जुन्या नमुन्यांना विंडोज ११ मध्ये आधार दिलेला नाही. लिनक्सवर त्या बहुधा तशाच चालतात. म्हणून केबल घेताना रंग आणि लांबी पाहण्याआधी आत चिप कोणती आहे हे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे.

आता मुलांनी नीट लक्ष द्यावे, कारण खरे काम येथे आहे. केबल लावली, ड्रायव्हर बसला, तरी यंत्र बोलत नाही. तेव्हा घाबरून काही उपटू नये. प्रथम केबल यंत्रापासून सोडवावी आणि तिच्या नऊ पिनांच्या टोकावर २ व ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या बारीक तुकड्याने जोडाव्यात. मग पुटीसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडून अक्षरे टाइप करावीत. टाइप केलेले पडद्यावर परत आले, तर केबल, चिप आणि ड्रायव्हर ठीक आहेत. दोष पुढे आहे. यास पाच मिनिटे लागतात आणि निम्मा प्रश्न सुटतो.

पुढची परीक्षा मल्टिमीटरची. संगणकाच्या नऊ पिनांच्या सॉकेटवर २ वर ऐकणे, ३ वर बोलणे आणि ५ वर दोघांची सामाईक जमीन असते. या मानकात बोलणारी तार शांत असताना ऋण दाबावर असते, साधारण उणे पाच ते उणे बारा व्होल्टपर्यंत. तेव्हा यंत्राच्या सॉकेटवर जमीन आणि दुसरी पिन यांमधला दाब मोजावा. जिच्यावर स्थिर ऋण दाब दिसेल ती त्याची बोलण्याची पिन. दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलत असतील तर कोणीच ऐकत नाही, आणि मग २ व ३ यांची अदलाबदल केलेली वायर लागते. मुळात हे मानक टेलिप्रिंटर आणि मोडेम अशा भिन्न जोडीसाठी होते, म्हणून सरळ वायर चाले. आज दोन्ही बाजू स्वतःला टेलिप्रिंटर समजतात, त्याचा हा घोटाळा.

मल्टिमीटरवर ऋण दाब कोठेच दिसला नाही, फक्त शून्य ते पाच व्होल्टच दिसले, तर थांबावे. ते यंत्र दुसऱ्या पातळीवर बोलते आहे आणि साधी केबल लावल्यास त्याचे आतले भाग जळू शकतात. त्यासाठी वेगळी केबल मिळते.

वायर बरोबर आहे आणि पडद्यावर कचरा उमटतो आहे, असे झाले तर आनंद मानावा. कचरा म्हणजे आवाज पोचतो आहे, केवळ वेग किंवा बिटांचा हिशेब जुळत नाही. यंत्राच्या पुस्तिकेतून चार गोष्टी काढाव्यात : बॉड, बिटांची संख्या, पॅरिटी आणि स्टॉप बिट. आपल्या प्रोग्राममध्ये त्याच घालाव्यात. पुस्तिका हरवली असेल तर १२००, २४००, ४८००, ९६०० असे क्रमाने करून पाहावे.

उंबरगावला माझ्या चुलतभावाचे लहानसे वर्कशॉप आहे. त्याचा जुना संगणक बंद पडला, नवा लॅपटॉप आला, आणि लेथमध्ये प्रोग्राम जाईना. एका विक्रेत्याने पाहून सांगितले, कंट्रोलरच बदला. किंमत ऐकून भाऊ गप्प झाला. पंधरा दिवस तो लेथच्या बटणांवरून प्रत्येक ओळ हाताने भरत होता, आणि दोन मुलांचे काम थांबले होते. अखेर त्याच्याकडील अठरा वर्षांच्या मुलाने पुस्तिका घेऊन पान न् पान वाचले. लॅपटॉप ८ बिट आणि पॅरिटी नाही असे धरून बसला होता. लेथला ७ बिट आणि सम पॅरिटी हवी होती. प्रोग्राममधील दोन रकाने बदलले आणि काम सुरू झाले. त्या मुलाचे इंग्रजी आपल्या दहावीच्या मुलापेक्षा अधिक नाही. त्याने वाचायचा कंटाळा केला नाही, एवढेच.

सगळीकडे केबल चालते असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या डॉसवरचे प्रोग्राम थेट संगणकाच्या आतील पोर्टच्या पत्त्याशी बोलतात. यूएसबी केबलला तो पत्ताच नसतो. तेथे टेबलावरच्या मोठ्या संगणकात खऱ्या सीरियल पोर्टचे कार्ड बसवावे लागते. कित्येक मदरबोर्डांवर त्या पोर्टच्या पिना आजही असतात, फक्त बाहेर सॉकेट काढलेला नसतो. खरेदीपूर्वी डबा उघडून पाहावे. काही प्रोग्रामना कॉम १ ते कॉम ४ याच क्रमांकांचे पोर्ट दिसतात आणि विंडोज नव्या केबलला कॉम ११ देऊन ठेवते. तो क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदलता येतो. वायर पंधरा मीटरच्या पलीकडे ओढू नये. कारखान्यात लांब जायचे असेल तर आरएस-४८५ ही दुसरी पद्धत आहे, ती कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाते. आणि जोडताना यंत्र बंद करावे. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर लॅपटॉप जातो.

पालकांनी विचारावे, यात आमचे काय? चिकूच्या पाट्या किंवा भाताची पोती काट्यावर चढवणारा माणूस आपल्यातलाच असतो. काटा संगणकाला जोडलेला असेल तर आकडा तसाच पावतीवर उतरतो. वायर तुटली की कोणी तरी पाहून हाताने लिहितो, आणि २३४० चे २४३० किंवा २०४० होण्यास क्षणही लागत नाही. रक्ताच्या अहवालातील आकडाही असाच हाताने उतरवला जातो. तेथील चुकीची किंमत काय, हे आजारी माणसाच्या घरच्यांना विचारावे.

म्हणून माझी संस्थेकडे एक लहान मागणी आहे, ती कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत लेखी देणार आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल द्यावे. त्यावर एक मल्टिमीटर, दोन वेगवेगळ्या चिपांच्या केबली, एक सोल्डरिंगची इस्त्री आणि कोणी भंगारात द्यायला निघालेला एखादा वजनकाट्याचा इंडिकेटर किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असावा. नववीपासूनच्या मुला-मुलींना शनिवारी शाळा सुटल्यावर तेथे बसता येईल. मुलींची नावे मी आधी लिहून घेणार आहे, कारण घरचे नंतर वेळ नाही म्हणतात. कोणाच्या दुकानात किंवा कारखान्यात असे यंत्र पडून असेल तर कृपया मला सांगावे. येताना त्याची पुस्तिका शोधून आणावी, आणि मागची वायर कापू नये.