टिनाच्या छपराचे पाणी : नळाला पाइप कसा जोडावा

आपल्या गडचिरोलीकडे पाऊस उदंड. वीस चौरस मीटर टिनावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी खाली येते. ते मातीच्या भिंतीच्या पायात मुरले, तर भिंत फुगते अन् आतल्या धानाला ओल लागते.

म्हणून पन्हाळीचा पत्र्याचा नळ जमिनीतल्या प्लास्टिक पाइपाला जोडायचा. इथेच चूक होते. मीही पहिल्यांदा सिमेंट थापले होते, मृगातच तडकले. उन्हाने प्लास्टिक लोखंडाच्या चार-पाच पट वाढते, अन् सिमेंट त्याला धरतच नाही.

तर असे करा. खालचा पाइप चार इंची घ्या, वरचा तीन इंची नळ त्यात चार बोटे उतरवा. वरचा आत, खालचा बाहेर. उलट केले की गळलेच समजा. फटीत सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून घट्ट बसवा. नळ भिंतीला पट्ट्यांनी आवळा, त्याचा भार प्लास्टिकवर नको. जमिनीतल्या पाइपाला दहा फुटांस दीड इंच उतार द्या. पन्हाळीच्या तोंडाला जाळी हवीच, पाने अडकतात.

पाणी भिंतीपासून दूर, झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडा. उघडे साचले तर डास होतात, आणि हिवताप आपल्याकडे काही नवा नाही.