वीज वाहून नेणारी शाई

कागदावर छापलेल्या रेघेंतून वीज वाहूं शकते. त्या शाईंत चांदीचे सूक्ष्म कण राळेंत कालविलेले असतात; शाई वाळली कीं राळ आकसते, कण एकमेकांस भिडतात आणि विजेस वाट मिळते. १९४५ सालीं अमेरिकेंत तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठीं चांदीच्या शाईनें विद्युन्मंडलें छापण्यांत आलीं. आज सौर घटांवरील बारीक रेघाहि बहुधा चांदीचा लेप छापून, भट्टींत भाजूनच करतात.

मग स्वस्त तांबें कां नको? तेंहि वीज जवळजवळ चांदीइतकीच चांगली वाहतें. परंतु घरांतलें तांब्याचें भांडें हवेनें काळवंडतें, तसेच हे कणहि काळवंडतात, आणि तें किटण प्रत्येक सांध्यापाशीं वीज अडवितें. हें किटण स्वस्तांत टाळतां आलें, तर सूर्याची वीज सामान्य माणसाच्या छपरावर अधिक सुलभ होईल.