शंकरपाळ्याच्या आकाराची कविता
(भाषणाची संहिता)



प्राथमिक शाळेतील मुलाला कविता द्यायची ती पाठ करण्यासाठी, हा आपल्याकडील जुना परिपाठ. मुलाने कविता रचावी, आणि तीही आधी आराखडा आखून, हा विचार मागाहूनचा. अमेरिकेत आयरिस टीड्ट यांनी १९६९ साली यासाठी एक रचनाप्रकार सिद्ध केला. ‘डायमांटे’ हे त्याचे नाव. त्यात सात ओळी असतात आणि त्यांतील शब्द अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. ओळी कागदाच्या मध्यावर लिहिल्या की हिऱ्याचा आकार होतो. मराठी घरातील मूल त्याला शंकरपाळेच म्हणेल, आणि तेच नाव अधिक गोड आहे.

पहिल्या ओळीत एक नाम, शेवटच्या ओळीत त्याच्या विरुद्ध अर्थाचे नाम. नामांना लागून विशेषणे, त्यांच्या आत क्रियादर्शक शब्द. मधल्या ओळीतील चार नामांपैकी पहिली दोन वरच्या शब्दाची, उरलेली दोन खालच्या शब्दाची. उदाहरणार्थ :

ऊन
पिवळे, कडक
तापणारे, भाजणारे, वाळवणारे
दुपार, घाम, पार, विसावा
पसरणारी, सरकणारी, निववणारी
गार, सावळी
सावली

इंग्रजीत हा खेळ सोपा आहे. तेथील विशेषणाला लिंग नाही. मराठीत मात्र ‘ऊन’ नपुंसकलिंगी आणि ‘सावली’ स्त्रीलिंगी असल्याने मधली ओळ ओलांडताच ‘णारे’चे ‘णारी’ करावे लागते. ‘कडक’ आणि ‘गार’ कोणत्याही नामापुढे तसेच राहतात, ‘पिवळे’ आणि ‘सावळी’ बदलतात. विकारी व अविकारी विशेषणांचा धडा येथे व्याख्येवाचून होतो.

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांना या गोष्टीचे मोल अधिक. हिंदीत लिंगे दोनच. दिवसभर शाळेत हिंदी लिहिणारे मूल घरी येऊन ‘माझा घर’, ‘पाणी आला’ असे सहज बोलून जाते. आजी हसते, आई दुरुस्त करते, आणि काही वर्षांनी तीही थकते. नपुंसकलिंग असे दारातून मुकाट्याने निघून जाते. टोकल्याने ते परत येत नाही. हवा असलेला शब्द स्वतः शोधताना कदाचित येते.

म्हणून शब्दांची जोडी शिक्षकाने विचारपूर्वक निवडावी. ‘सुख’ आणि ‘दुःख’ ही जोडी मोठ्यांना मोहात पाडते, पण दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आणि दोन्ही अमूर्त. आठ वर्षांच्या मुलाला त्यांना विशेषणे सापडत नाहीत. त्यापेक्षा ‘डोंगर’ आणि ‘दरी’ बरी. पाटीवर उभी रेघ ओढून दोन रकाने करावेत, दोन्ही टोकांचे शब्द आधी लिहावेत, आणि प्रत्येक रकान्यात पाहिलेले, ऐकलेले, हाताला लागलेले असे दहा-बारा शब्द जमवावेत. निवड नंतर. मधली ओळ सर्वांत शेवटी लिहू द्यावी. पहिला खर्डा मोठ्याने वाचला की ‘सुंदर’ आणि ‘छान’ हे शब्द मुले आपणहून खोडतात. न खोडले तर ‘कसे सुंदर?’ एवढेच विचारावे.

शब्द मोजून कविता होते काय, असा आक्षेप येईल. तो जुनाच आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला खालचीच पायरी दिली. तरीही भारवी आणि माघ यांनी आपल्या महाकाव्यांत एकेक सर्ग अशा बंधांनी सजवला, आणि मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. त्यांच्या हाती भाषा आधीच वश होती. मुलाची गोष्ट वेगळी, त्याला ती या बंधातून वश व्हायची आहे. शिवाय मधल्या ओळीत निव्वळ हिशेब चालत नाही. घामाकडून पाराकडे जाताना मुलाला झाडाखाली बसलेला कोणी माणूस दिसला असेल, तर तेवढ्यापुरती ती कविताच.

ग्रंथालयाने यात काय करावे? मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती किंवा तिचे पुनर्मुद्रण जुन्या ग्रंथालयांच्या संदर्भ-कपाटात बहुधा असते, कुलपात. त्यात प्रत्येक नामापुढे लिंग दिलेले आहे. अर्थ इंग्रजीत असल्याने लहान मुलांना तो अवघड जाईल. त्यांच्यासाठी लिंगनिर्देश असलेला एखादा मराठी शब्दकोश बालविभागात, मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावा. ‘पार’ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, असा वाद दोन मुलांत झाला तर ग्रंथपालांनी उत्तर सांगू नये. पान उघडून द्यावे.